मदत हवी आहे : जुन्या झोलिंगेन वस्तऱ्याची मूठ आणि धार

नमस्कार मंडळी,

पुण्याच्या जुन्या बाजारात घेतलेल्या एका घडीच्या वस्तऱ्याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. खिळ्याजवळ झोलिंगेनचा (पात्यांसाठी प्रसिद्ध जर्मन शहर) ठसा आहे. पाते पाच-अष्टमांश इंच रुंद असून दोन्ही अंगांनी इतके खोलगट घासलेले आहे की नखाने टिचकी मारली तर बारीक नाद निघतो.

अडचण गंजाची आहे. वस्तरा मिटल्यावर पात्याचा जेवढा भाग मुठीत राहतो, तेवढ्यावरच गंजाचे बारीक खड्डे पडले आहेत. बाहेर राहणारी शेपटी मात्र स्वच्छ आहे. हस्तिदंतासारखी दिसणारी पिवळट मूठ अंगठ्याने जोरात चोळली की कापराचा वास येतो, म्हणजे ती सेल्युलॉइडची (कापूर घालून बनवलेल्या जुन्या प्लॅस्टिकची) असणार. जुने सेल्युलॉइड विघटित होऊ लागले की त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात आणि हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचे आम्ल बनते. तेव्हा मूठ तशीच ठेवून नुसते पाते घासण्यात अर्थ नाही, असे माझे मत झाले आहे. खिळे कापून शिंगाची किंवा शिसवीची मूठ बसवून देणारा कारागीर पुण्या-मुंबईकडे कोणी आहे का?

दुसरा प्रश्न धारेचा. टोकाकडचा एक खड्डा थेट धारेपर्यंत पोचला आहे. वस्तरा दगडावर लावताना पाठ आणि धार दोन्ही टेकवावी लागतात, त्यामुळे धारेचा कोन पाठीच्या जाडीवर आणि पात्याच्या रुंदीवर ठरतो. खड्डा जाईपर्यंत पाते घासले आणि पाठ झिजू नये म्हणून तिला चिकटपट्टी लावली, तर कोन वाढून धार बोथट होईल. पट्टी न लावावी तर पाठ सपाट होत जाईल. अशा वेळी आपण काय करता? माझ्याकडे १००० आणि ८००० नंबरचे दगड आहेत. धारवाल्याच्या चाकावर द्यायचे नाही, कारण एवढे पातळ पाते क्षणात तापते आणि त्याचे पाणी (पोलादाचा कठीणपणा) उतरते.

आमच्या भागातल्या सलूनमध्ये अर्धे ब्लेड अडकवायचेच वस्तरे असल्याने तिथे परजायचा चामडी पट्टासुद्धा उरलेला नाही. 'ट्रिमर घ्या' हा सल्ला घरून मिळालेला आहे, कृपया तो सोडून बाकी काहीही सुचवावे.