दुपारी तीननंतर डोकं चालत नाही, मधे उठावं का?

धंतोलीची हिशोबनीस: सीएच्या ऑफिसात जीएसटीचं काम करते. ३बी (जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र) भरायची २० तारीख जवळ आली की सकाळी दहापासून जागची हलत नाही, डबाही कीबोर्डशेजारीच. तीननंतर एकच बिल तीनदा वाचते. काल १८ चे ८१ टाकले, ६३ रुपयांचा फरक शोधण्यात पाऊण तास गेला. पण मधे उठलं की लय तुटते. तुम्ही काय करता?

मिहानवाला: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी. इटलीच्या फ्रान्चेस्को सिरिलोनं विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवर ही पद्धत बसवली, म्हणून नाव पोमोडोरो. मला २५ कमी पडतात, मी ५० वर १० घेतो. फक्त त्या वेळात मोबाईल नको, डोळ्यांना तीच स्क्रीन!

बुटीबोरीचा काका: ताई, १९४८ च्या कारखाना कायद्यातही सलग ५ तासांपेक्षा जास्त काम नव्हतं, मधे अर्धा तास विश्रांती द्यावीच लागायची. तुम्ही कारखान्यात नाही, पण शरीर तेच आहे न बा! उठायच्या आधी पुढची एंट्री कोणती ते चिठ्ठीवर लिहून ठेवा, लय तुटत नाही. आणि फरकाला ९ नं भाग जात असेल तर आधी उलटे पडलेले आकडे शोधा.

धंतोलीची हिशोबनीस: काका, चिठ्ठी कामी आली! आज डबा गच्चीच्या जिन्यात बसून खाल्ला, बाहेर ऊन मी म्हणत होतं. परत आले तर चिठ्ठीवर "बिल २१४, सीमेंट", तिथूनच सुरू. साडेपाचला टोटल पहिल्या फटक्यात जुळली.