‘दहा मिनिटांत फुकट स्पीड’? मे महिन्यात दुपारी करून दाखवा

लातूरकर:
काल एकानं ‘दहा मिनिटांत फुकट स्पीड’ म्हणून ओव्हरक्लॉकची, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवायची पोस्ट टाकली: रायझन 5 3600 प्रोसेसर असेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) मल्टिप्लायर 44, म्हणजे 4.4 गीगाहर्ट्झ, व्होल्टेज 1.45, सेव्ह, झालं. पहिल्यांदा करणाऱ्यालाही जमतं. खाली चार पोरांनी ‘आजच करतो’ लिहिलंय, म्हणून एवढं लिहायला बसलो. हा प्रोसेसर काही न करता एका कोअरवर 4.2 गीगाहर्ट्झला जातोच. वरच्या 200 मेगाहर्ट्झसाठी तुम्ही सहाही कोअर कायम 1.45 वर बसवायला सांगता, आणि ही पोरं ते सोबत मिळालेल्या बुटक्या कूलरवर करणार. जानेवारीत खोली 22 अंशांवर असताना प्रोसेसरचं तापमान 72 दाखवणारं मशीन मे महिन्यात 42 च्या खोलीत 92 च्या आसपास जातं. खोली जेवढी तापते, जवळपास तेवढाच प्रोसेसरही. त्याची कमाल मर्यादा 95.

आधी काहीही न बदलता अर्धा तास सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण राबवणारी चाचणी) चालवा, एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये दिसणारं तापमान वहीत लिहा, तेही दुपारी दोन वाजता. मग व्होल्टेज 1.3 च्या आत ठेवून मल्टिप्लायर पाव-पाव पायरीनं वाढवा. एका वेळी एकच गोष्ट. स्क्रीन काळी राहिली तर घाबरू नका, मशीनची वायर काढून बोर्डावरचा नाण्याएवढा सेल पाच मिनिटं काढून ठेवा.

नांदेडचा एडिटर:
ती पोस्ट माझी आहे. ऑटोवर ठेवलं तरी 1.45 दिसतंच की, बघितलंत का कधी? लग्नसराईत माझ्याकडं रोज रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची फाइल तयार करणं) असतं. दोन वर्षं असंच चालवतोय, काही जळालं नाही. नवीन प्रोसेसर घ्यायला सगळ्यांच्या खिशात पैसे नसतात. लोकांना भिववायचं बंद करा.

लातूरकर:
बघितलंय. ऑटोवर ते एखाद-दुसरा कोअर हलकं काम करतो तेव्हा, क्षणभर दिसतं. रेंडरला सगळे कोअर लागले की प्रोसेसर स्वतःच व्होल्टेज खाली आणतो. तुम्ही तो लगामच काढून टाकला. आणि कूलर कोणता, ते का नाही लिहिलंत?

परभणीकर:
तुम्ही दोघं व्होल्टेजवर भांडताय, पण इथं लाईटचाच भरवसा नाही. टेस्ट चालू असताना लाईट गेली, विंडोज उठेना. आधी यूपीएस, आधी अर्थिंग. केसला हात लावला की मुंग्या येतात, अशी किती घरं दाखवू?

लातूरकर:
अर्थिंगनं ओव्हरक्लॉक स्थिर होत नाही हो. प्रोसेसरचं व्होल्टेज बोर्ड ठरवतो. विषय भरकटवू नका.

परभणीकर:
भरकटवत नाही! माझ्या पुतण्याला केसचा झटका बसलाय. सॉकेटला तिसरं भोक होतं, मागं वायरच नव्हती. केसला टेस्टर लावला तर लाल उजेड. मग मीठ-कोळशाचा खड्डा केला, तांब्याची पट्टी पुरली. काळी माती, उन्हाळ्यात वीतभर भेगा पडतात. पाणी ओतलं नाही तर तो खड्डा असून नसल्यासारखा.

जालन्याचा:
2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तेव्हा खड्ड्यात कोण ओतणार होतं?

लातूरकर:
आम्ही भांडी घासलेलं पाणी ओतत होतो. त्या उन्हाळ्यात खोलीतला कूलरही कोरडाच फिरायचा, म्हणूनच तापमानाचं एवढं बोलतोय. बरं, केसला झटका बसत असेल तर आधी अर्थिंग, हे मान्य. पण त्यानं 1.45 बरोबर ठरत नाही.

नांदेडचा एडिटर:
रागाच्या भरात आज दुपारी मोजलं. खोली 39. जुन्या सेटिंगवर 93, तेही प्रोसेसरवर मोठा टॉवर कूलर असताना. तो लिहायचा राहिला, ती चूक माझी. मग मल्टिप्लायर 42 आणि व्होल्टेज 1.28 केलं, तर 81. वीस मिनिटांच्या रेंडरला मिनिटभर जास्त लागलं. पोस्टमधला 1.45 काढतो, कूलरचं लिहितो. ‘फुकट स्पीड’ काढणार नाही. ज्याच्याकडं पैसे नाहीत त्याच्यासाठीच लिहिलंय ते.

परभणीकर:
अर्थिंगची ओळही घाला.

नांदेडचा एडिटर:
त्याचा वेगळा धागा तुम्हीच काढा भाऊ. खड्डा किती खोल, पट्टी केवढी, सगळं लिहा. माझ्या स्टुडिओतलं तिसरं भोक आत्ताच उघडून पाहिलं, मागं वायर नाही.