अलिबाग ते वेंगुर्ला, ६ दिवस, समुद्र उजव्या हाताला: आखणी तपासून हवी आहे

सागरवाट:
डिसेंबरात अलिबागहून निघून होईल तितकं किनाऱ्याकिनाऱ्याने वेंगुर्ल्यापर्यंत जायचं आहे. ६ दिवस, ५ मुक्काम. छोटी हॅचबॅक, आम्ही चौघं. वडील सत्तरीच्या पुढचे; सपाटीवर कितीही चालतील, पायऱ्या उतरताना मात्र गुडघे बोलतात. मुंबई–गोवा महामार्ग टाळायचाय. रोज ३ ते ५ किलोमीटर चालणं व्हावं आणि मुक्काम लहान गावात असावा, एवढीच अपेक्षा.

निघायचा दिवस शुद्ध दशमी आहे, म्हणजे पौर्णिमा शेवटच्या दिवशी. नकाशा रोजचे चार-पाच तास दाखवतोय, ते धरून चालायचं का? फेरीबोट नेमकी कुठे कुठे लागते आणि लहान गाडी नीट चढते का? जंजिरा घ्यावा का? आणि हरिहरेश्वरची प्रदक्षिणा कधी करावी?

खाडीपल्याड:
६ दिवसांत वेंगुर्ला गाठता येईल, पण मग चालणं विसरा. या रस्त्यावर किलोमीटर मोजून उपयोग नसतो, खाड्या मोजाव्या लागतात. रेवस–रेडी सागरी महामार्ग नावाला सलग आहे. मोठ्या खाड्यांवरचे सगळे पूल अजून झालेले नाहीत. रस्ता दर थोड्या अंतराने सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर चढतो, खाडीकाठी उतरतो, पुन्हा चढतो. गावातून जाताना समोरून एसटी आली की कुणीतरी मागे घ्यायचंच. सरासरी ताशी २५ ते ३० किलोमीटर धरा. नकाशाच्या वेळेत निम्मी भर घाला, फेरीची वाट पाहणं वेगळं.

उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना गाडीसकट ४ ठिकाणी फेरी लागते:

आगरदांडा ते दिघी (राजपुरी खाडी)
बागमांडला ते वेसवी (सावित्री, म्हणजे बाणकोट खाडी)
दाभोळ ते धोपावे (वाशिष्ठी)
तवसाळ ते जयगड (शास्त्री)

पाण्यावरचा वेळ प्रत्येक ठिकाणी १०-१५ मिनिटांचाच. फेरी चुकली तर काय होतं ते दाभोळला नीट कळतं. पलीकडचा काठ डोळ्यांसमोर असतो, पण गाडीने तिथे पोचायला दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा शंभरावर किलोमीटरचा वळसा पडतो. म्हणून शेवटच्या फेरीच्या भरवशावर आखणी करू नका. वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, आदल्या मुक्कामी विचारून घ्या. शक्य तिथे संध्याकाळीच खाडी ओलांडा आणि पलीकडे राहा. सकाळ फेरीच्या रांगेत गेली की पुढचं सगळं उन्हात येतं.

हॅचबॅक चढते. अडचण येते ती खोल ओहोटीला. बोट खाली बसते, धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात कोन तयार होतो आणि पुढचा बंपर किंवा गाडीचं पोट घासतं. चालक सोडून सगळ्यांना आधीच खाली उतरवा, गाडी पहिल्या गिअरमध्ये अगदी सावकाश घ्या, खलाशी हात दाखवेल तिकडेच चाकं वळवा. बोटीवर हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवायची. उतार शेवाळाने ओला असतो, तिथे क्लच अर्धवट धरून थांबलात की चाकं घसरतात.

नकाशाचे दोन घोळ आधीच निस्तरून ठेवा. सेटिंगमध्ये ‘फेरी टाळा’ सुरू असेल तर तो तुम्हाला गुपचूप माणगाव-म्हसळ्याकडे वळवतो. आणि मुरूड दोन आहेत: एक जंजिऱ्याचं, रायगड जिल्ह्यात, दुसरं हर्णैजवळचं, दापोली तालुक्यात. दिवेआगर ते श्रीवर्धनसाठी नकाशा आतला रस्ता सुचवेल. तुम्ही मध्ये शेखाडी आणि आरावी टाका. भरडखोलपासून पुढे रस्ता अगदी पाण्याला लागून जातो. सगळ्या प्रवासातला हा तुकडा घाईत उरकू नये असा आहे.

उधाण:
वरच्या प्रतिसादात एक गोष्ट राहिली: या प्रवासाचं खरं वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते. तिथी कळली आहे, तर हिशोब करून टाकू.

तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते. अष्टमीला ८ च्या पाऊणपट, म्हणजे ६ वाजता. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, असं रोज पाऊण तासाने पुढे. ओहोटी त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी. हा ठोकताळा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि दक्षिणेकडे भरती थोडी आधी लागते. जवळच्या बंदराची त्या दिवसाची नेमकी वेळ ऑनलाइन भरतीच्या तक्त्यात बघून खात्री करून घ्यायचीच.

आता तुमचे दिवस. दशमीला अलिबागला ओहोटी दुपारी पावणेदोनच्या सुमारास. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं हे खरं, पण अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती असते. तेव्हा पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही, त्यामुळे वाट कोरडी मिळेलच असं नाही. कोरडी वाट हवी तर अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची ओहोटी लागते. दशमीला कुलाबा सोडा, कोर्लई करा. कोळीवाड्यातली गल्ली अरुंद आहे, ती पार केली की गाडी दीपगृहापर्यंत जाते. तिथून वर पायऱ्या आहेत. वडिलांना दीपगृहापाशीच थांबवलं तरी समुद्र तिथूनही भरपूर दिसतो.

हरिहरेश्वर एकादशीला. भरती सव्वाआठ, ओहोटी अडीचच्या सुमारास. साडेबारा ते अडीच ही तुमची वेळ. पाणी उतरत असताना खाली जायचं आणि चढायला लागायच्या आत वर यायचं. मंदिरामागून पायऱ्या कातळाच्या अरुंद फटीतून थेट लाटांनी कापलेल्या सपाट खडकावर उतरतात. खाली गेल्यावर एका बाजूला उभा कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये पळायला जागा नाही. लोक तिथे वाहून गेले आहेत ते याच कारणाने: लाट मोठी आली तर मागे सरकायला काही नसतं.

उतरण्याआधी वरच्या पायरीवर १० मिनिटं थांबून खडकाकडे बघा. पाण्याकडचा भाग काळाकुट्ट ओला दिसतो, त्यावर हिरवं शेवाळ आणि कालवांच्या धारदार कडा. कड्याच्या बाजूचा भाग करडा, वाळलेला. एवढ्या वेळात एकही लाट करड्या भागापर्यंत आली नाही तर उतरायला हरकत नाही, आणि चालायचंही करड्या भागावरूनच. कालवांवर पाय घसरला तर हात टेकू नका, तळवा फाटतो. चपला नकोत, पकड असलेले बंद बूट हवेत. तुमच्या वडिलांनी ही प्रदक्षिणा करू नये. चालण्याचा प्रश्न नाही, उतरण्याचा आहे.

हेदवीची बामणघळ याच्या बरोबर उलट. कातळातल्या त्या चिरेत पाणी घुसून उसळतं ते भरतीलाच. त्रयोदशीला भरती पावणेदहाची. गुहागरहून सकाळी वेळेत निघालात तर दहाच्या आत पोचाल. घळीच्या काठावर जायचं नाही. वर उडालेलं पाणी परत येताना खडकावरून आडवं धावतं आणि पाय ओढतं.

आणि गणपतीपुळ्याला समुद्रात पोहायला उतरू नका. तिथल्या पाण्याला ओढ आहे.

सडाफिरस्ता:
खाडीपल्याड आणि उधाण यांनी लिहिलंय ते बरोबरच आहे, पण मी मुळात वेगळा मार्ग सुचवेन. चालणं आणि लहान गावं हाच हेतू असेल तर रायगडचा भाग सोडा आणि देवगड ते वेंगुर्ला घ्या. जाताना एक दिवस महामार्गाचा जाईल, नांदगाव तिठ्यावरून देवगडला वळायचं. पण पुढे तारामुंबरीचा पूल, कुणकेश्वर, आचरा, मालवण, नेरूरपारचा पूल, परुळे, भोगवे, निवती, वेंगुर्ला, शिरोडा हे सगळं पुलांवरून होतं, गाडीला एकही फेरी लागत नाही. भोगव्याचा किनारा आणि त्याच्या टोकाला निवतीचा किल्ला हे चालायला उत्तम आहेत: चढ थोडा, आणि वरून सबंध किनारा दिसतो.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी (बांधकाम १६६४ ते १६६७) बोटीने जावं लागतं. सकाळी लवकर गेलात तर रांग कमी आणि तटावर ऊनही कमी.

उत्तरेकडूनच जाणार असाल तर निदान रत्नागिरीच्या खाली कशेळीपर्यंत या. भाट्ये, पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी असा रस्ता आहे. कशेळीच्या सड्यावर कातळशिल्पात हत्तीची प्रचंड आकृती आहे आणि तिच्या आत इतर प्राणी कोरलेले आहेत. ते बघायची वेळ सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर. ऊन तिरपं असलं की खोदलेल्या रेघेत सावली पडते आणि आकृती उठून दिसते. भर दुपारी त्याच जागी उभं राहिलात तर नुसता जांभा दिसेल. शिवाय सड्यावर झाड नसतं, दहानंतर खालून कातळ तापतो. माणशी दीड लिटर पाणी आणि टोपी लागेलच. रेघांवर पाय देऊ नका, खडूने रंगवून फोटोही काढू नका.

सागरवाट:
सगळ्यांचे आभार. दक्षिणेचा भाग वेगळ्या खेपेला ठेवतो, वडिलांना खाड्या आणि फेरीबोटीच बघायच्या आहेत. मग कशेळीपर्यंत, आणि शेवटच्या दिवशी महामार्गाने परत. मुक्काम कुठे टाकू? जंजिऱ्याचं अजून कुणी बोललं नाही. आणि एखाद्या किनाऱ्यावर गाडी थेट वाळूत नेता येते का?

खाडीपल्याड:
जंजिरा या आखणीत बसत नाही. राजपुरीहून शिडाच्या होडीने जायचं, सुट्टीच्या दिवशी रांग, आणि दरवाज्याशी होडी हलत असताना पायरीवर पाय टाकावा लागतो. तेच गुडघ्यांना जड जाईल. अर्धा दिवस सहज जातो. मुरूडहून आगरदांड्याकडे जाताना चढावरून किल्ला पूर्ण दिसतो, तेवढ्यावर भागवा.

मुक्काम असे टाका. दशमी: कोर्लई, काशीद, मुरूड करून संध्याकाळची फेरी घ्या आणि दिवेआगरला राहा. एकादशी: शेखाडीचा रस्ता, श्रीवर्धन, दुपारी हरिहरेश्वर, मग वेसवीला उतरून आंजर्ले. हा दिवस सगळ्यांत लांब आहे. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि वेसवीपुढच्या वळणांवर दिवे नाहीत, म्हणून चारच्या आत बागमांडल्याला हवेत. उशीर झाला तर केळशीलाच थांबा. द्वादशी: कड्यावरच्या गणपतीपर्यंत गाडी जाते. नंतर हर्णै, कर्दे, कोळथरे, दाभोळची फेरी, मुक्काम गुहागर. ओहोटी तीनच्या पुढे, त्यामुळे पाचलाही वाळू रुंद आणि घट्ट असेल. गुहागरचा किनारा सुमारे ६ किलोमीटर आहे, वडिलांसाठी याहून चांगलं चालणं नाही. त्रयोदशी: वेळणेश्वर परतीच्या वळणावर ठेवून आधी हेदवी गाठा. मग तवसाळची फेरी, जयगड, मालगुंड. चतुर्दशी: आरे-वारे, रत्नागिरी, पावस, कशेळी. आरे-वारेच्या वळणावर गाडी उभी करू नका, पुढे रुंद जागा आहे. पौर्णिमेला सकाळी कातळशिल्प, मग आडिवरे, राजापूर, महामार्ग.

तीव्र उतारांवर ब्रेक दाबून धरू नका, दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी इथे मिळेल, मधल्या गावांचा भरवसा नको. रोख जवळ ठेवा. खाडीकाठी मोबाइलला रेंज नसली की ऑनलाइन पैसे जात नाहीत.

उधाण:
वाळूत गाडी नेऊ नका, कुठेही. बऱ्याच किनाऱ्यांवर मनाई आहे, आणि भरतीरेषेच्या वरच्या वाळूत कासवांची घरटी असू शकतात. वरून घट्ट दिसणारी ओली वाळू आत पोकळ असते, चाक एकदा रुतलं की गाडी पोटावर बसते. चुकून फसलात तर गाडी रेटू नका, चाक फिरवाल तितकं खोल जातं. चारही टायरची हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा, चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू हाताने काढा, चाकाखाली झावळ्या किंवा पायपुसण्या घाला आणि आलात त्याच चाकोरीतून रिव्हर्समध्ये हळू बाहेर काढा. भरती चढत असेल तर हा खटाटोप करत बसू नका, आधी गावात माणूस पाठवून ट्रॅक्टर बोलवा. बाहेर आल्यावर पहिल्या पंपावर हवा भरा आणि त्याच दिवशी गोड्या पाण्याने चाकं, ब्रेक आणि गाडीचं पोट धुऊन घ्या.