कॅन्सर रुग्णालयातला सत्कार कुणाचा आणि कशासाठी?

कृष्णाकाठ

आमच्या भागातल्या एका कॅन्सर रुग्णालयाचा वर्धापनदिन नुकताच झाला. आईचं रेडिएशन चालू असल्याने मी तिथेच होते. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्हं, सगळं रीतसर झालं. सर्जन, विभागप्रमुख, प्रशासनातले साहेब आणि शेवटी एक सिस्टर. डे-केअरमधल्या मावशी, ओपीडीतले मामा, फुले योजनेच्या (राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेच्या) खिडकीवरचे आरोग्यमित्र यांच्यापैकी कुणाचंही नाव यादीत नव्हतं. विचारलं तर उत्तर आलं, "ती माणसं कंत्राटदाराची, आपल्या आस्थापनेवर नाहीत."

ज्यांचा सत्कार झाला ते त्याला पात्रच आहेत. माझा मुद्दा वेगळा आहे.

कॅन्सरच्या रुग्णालयात गरीब-श्रीमंत भेद बहुतेक वेळा औषधात नसतो. किमोचं औषध तेच, मशीन तेच, डॉक्टरही पुष्कळदा तेच. भेद पडतो तो दिवसांत. तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट घ्या. बायोप्सीचा रिपोर्ट, बाहेरून आणलेल्या स्लाइड आणि ब्लॉक (गाठीचे मेणात जपलेले तुकडे) पुन्हा तपासून घेणं, स्कॅन, ट्यूमर बोर्डाचा, म्हणजे सगळ्या विभागांच्या डॉक्टरांच्या बैठकीचा निर्णय, रेडिएशनआधी दातांची तपासणी, खराब दात काढणं, मग चेहऱ्याचा मास्क बनवणं, प्लॅनिंग, आणि त्यानंतर कुठे पहिली तारीख. यातल्या प्रत्येक टप्प्याची खिडकी वेगळी आणि सही वेगळी. ज्याला फाईल वाचता येते, फोन करता येतो, 'साहेब, आजच करून द्या ना' म्हणायची सवय आहे, तो भराभर पुढे सरकतो. ऊसतोडीवरून आलेलं जोडपं मात्र पहिल्याच खिडकीपाशी बसून राहतं, कारण तिथून पुढे कुठे जायचं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

हे अंतर कमी करणारी माणसं मी रोज बघत होते. "आजी, इथं नाही, तिकडं समाजसेवकांकडं जावा, रेशनकार्ड बरोबर ठेवा," असं सांगून हाताला धरून नेणारी मावशी. पैसे संपल्यावर मुकाट्याने गावी निघालेल्या माणसाला गेटवर थांबवून परत आत आणणारा वॉचमन. समान उपचार हे ब्रीद भिंतीवर असतं आणि ते निभावतात ही माणसं.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. एक, उपचाराचा निर्णय झाल्यापासून पहिला उपचार मिळेपर्यंत किती दिवस गेले, आणि किती जणांनी उपचार अर्धवट सोडले, हे जनरल आणि प्रायव्हेट असं वेगवेगळं काढून दर तिमाहीला रुग्णालयाच्या दर्शनी भागात लावावं. दोन, ज्या विभागात हा फरक कमी होईल त्या अख्ख्या विभागाचा सन्मान व्हावा, कंत्राटी माणसांसकट, प्रत्येकाचं नाव घेऊन.

ही भाबडी अपेक्षा नाही. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये लहान मुलांच्या कॅन्सर विभागात 2009 च्या सुमारास पाचातलं जवळजवळ एक मूल उपचार नाकारत किंवा अर्ध्यावर सोडत होतं. राहण्याची सोय, शिधा, पैशांची जुळणी, समुपदेशन आणि सतत पाठपुरावा यांच्या जोरावर काही वर्षांतच ते प्रमाण वीसात एकावर आलं. नवं औषध नव्हे, माणसांनी माणसांच्या मागे लागणं, हे त्याचं कारण.

हिशेबनीस

मी धर्मादाय रुग्णालयाच्या हिशेब खात्यात नोकरी केली आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. पहिल्या मागणीला माझा विरोध आहे.

प्रायव्हेट वर्गातला पेशंट जास्त पैसे भरतो आणि त्याच पैशांतून जनरलचा तोटा भरून निघतो. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. हे 2 टक्के येतात पूर्ण बिल भरणाऱ्यांकडूनच. रेडिएशनच्या मशीनचा देखभाल करार दर वर्षी भरावा लागतो, तो कुणी माफ करत नाही. फुले योजनेचं पॅकेज ठरलेलं, त्यावर खर्च गेला तर तो रुग्णालयाच्या अंगावर. प्रायव्हेटच्या माणसाला लवकर तारीख मिळाली नाही तर तो उद्या कॉर्पोरेट रुग्णालयात जाईल. मग जनरलचा खर्च कोण उचलणार?

दुसरी भीती याहून मोठी आहे. आकडे भिंतीवर लागले की आकडे चांगले दिसावेत अशी कामं सुरू होतात. चौथ्या स्टेजचा, अशक्त, एकटा आलेला म्हातारा उपचार अर्ध्यात सोडणार हे सगळ्यांना दिसत असतं. तुमच्या तक्त्यात तो विभागाची कामगिरी खाली खेचतो. उद्या त्याला "तुम्ही दुसरीकडे दाखवा" असं गोड शब्दांत सांगितलं जाईल. ज्याच्यासाठी तुम्ही भांडताय, त्याचंच दार बंद होईल.

कृष्णाकाठ

पैसे भरणाऱ्याला एसी खोली द्या, हव्या त्या डॉक्टरांची वेळ द्या, संध्याकाळची स्वतंत्र ओपीडी द्या. त्याला कुणाची ना नाही. पण रेडिएशनच्या मशीनवरची जागा आणि ऑपरेशनची तारीख रोगाकडे बघून ठरावी, पावतीकडे बघून नाही. खोली सुखसोय आहे, तारीख हा उपचाराचाच भाग आहे. ही रेघ ओढता येत नसेल तर 'समान उपचार' हे शब्द भिंतीवरून पुसावेत.

आणि तोटा फक्त श्रीमंतांकडून घेऊनच भरता येतो असं नाही. नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरच्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्यातल्या रुग्णालयांनी एकत्र येऊन औषधांची खरेदी केली तेव्हा 40 औषधांवर 1,300 कोटींहून अधिक रुपये वाचले. तो पैसा प्रायव्हेट खोल्यांतून आलेला नव्हता.

निवृत्त सिस्टर

माझं आयुष्य किमोच्या वॉर्डात गेलं. मला दोघांचंही पटत नाही.

कृष्णाकाठ, तुम्ही मनापासून लिहिलंय, पण मावशीला शाल नको आहे हो. किमो घेतलेल्या पेशंटच्या लघवीत, उलटीत पुढचे दोन दिवस तरी औषधाचा अंश असतो. ते भांडं कोण उचलतं? मावशी. ती बेडशीट कोण गोळा करतं? मावशी. आम्हा सिस्टरना त्यासाठी जाड हातमोजे, गाऊन, सांडलेलं औषध उचलायचा किट, सगळं शिकवलेलं असतं. औषध मिसळायचं ते बंद कॅबिनेटमध्ये. किमोचा कचरा पिवळ्या पिशवीत, वेगळं लेबल लावून. कंत्राटी बाई मात्र परवा दुसऱ्या वॉर्डात होती, आज इथे आली, उद्या आणखी कुठे. तिला हे कुणी शिकवलेलं नसतं. पातळ हातमोजे घालते, तेही फाटेपर्यंत. त्यातली एखादी गरोदर असते आणि काम जाईल म्हणून सांगत नाही.

तिचा सन्मान करायचा असेल तर तिला प्रशिक्षण द्या, वर्षातून एकदा रक्त तपासा, ईएसआयचं कार्ड आणि पीएफ वेळेवर द्या, आणि काम कायमचं असेल तर नोकरीही कायमची करा. स्टेजवर बोलावून फोटो काढला की व्यवस्थापनाला वाटतं आपलं देणं फिटलं. मी असे फोटो खूप पाहिलेत. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी त्याच बाईचा खाडा कापलेलाही पाहिलाय.

हिशेबनीस, तुम्हालाही एक विचारते. एका सिस्टरकडे किती किमोच्या खुर्च्या असाव्यात याचा हिशेब तुमच्या खात्यात कधी झाला का? शीर सोडून औषध बाहेर झिरपलं तर कातडी जळते, कधी कधी हात कामातून जातो. पहिल्या पाच मिनिटांत लक्षात आलं तर वाचतो. प्रायव्हेटच्या खोलीत त्या पाच मिनिटांत कुणीतरी असतं. जनरलमध्ये खुर्च्या जास्त आणि सिस्टर तेवढ्याच. समान उपचार मोजायचा तर आधी हे मोजा.

रेसिडेंट

रेडिएशन ऑन्कॉलॉजी शिकतोय. तारखांबद्दल थोडं सांगतो, कारण इथे त्या फक्त सोयीच्या गोष्टीसारख्या वाचल्या जाऊ नयेत. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये रेडिएशन सुरू झाल्यावर मध्ये खंड पडला तर वाया गेलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने घटते. पैसे संपले म्हणून आठवडाभर गावी गेलेला माणूस परत येतो तेव्हा त्याच्या उपचाराची ताकद खरोखर कमी झालेली असते. त्यामुळे तारीख हा उपचाराचा भाग आहे, हे म्हणणं मला शंभर टक्के मान्य.

पण पुरस्कारांना माझा विरोध आहे, विभागाच्या पुरस्कारालासुद्धा. मशीन बंद पडलं की तारखा घसरतात, त्यात कुणाचा दोष? ज्या विभागाकडे जुनं मशीन तो दर वर्षी हरणार. आणि आम्ही रेसिडेंट सलग ड्युट्या करतो, आमची कामगिरी कुणी धरतच नाही, म्हणून सांगतो, बक्षीस आलं की कुणीतरी वगळलं जाणारच.

माझ्या मते समानतेची सगळ्यात मोठी कामं वैद्यकीय निर्णयांत असतात. स्तनाच्या कॅन्सरला पूर्वी पाच-सहा आठवडे रेडिएशन द्यायचे. आता तीन आठवड्यांत 15 वेळा देऊन तोच परिणाम मिळतो, आणि निवडक रुग्णांना एका आठवड्यात 5 वेळाही. धर्मशाळेत खोली धरून, मजुरी बुडवून राहिलेल्या बाईसाठी याहून मोठी मदत कोणती? मशीनही मोकळं होतं, पुढच्याला तारीख लवकर मिळते. टाटात डोक्या-मानेच्या कॅन्सरवर नेहमीच्या मात्रेचा लहानसा भाग, फक्त 20 मिलिग्रॅम निवोलुमॅब (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध), देऊन झालेली चाचणी बघा. लाखोंचं औषध थोडं तरी आवाक्यात आणायचा तो विचार आहे. अशा निर्णयांसाठी शाल-श्रीफळ लागत नाही.

शिवडी लोकल

माझी आई एका रुग्णालयात कंत्राटावर सफाईचं काम करते. सिस्टर म्हणतात ते सगळं खरं आहे, हातमोज्यांपासून खाड्यापर्यंत. तरीही मी सिस्टरशी भांडणार.

पगार आणि मान यांत एकच निवडा असं आम्हालाच का सांगितलं जातं? डॉक्टरांना पगारही मिळतो आणि सत्कारही होतो, तेव्हा कुणी म्हणत नाही की आधी एक घ्या. आईच्या छातीवर कंत्राटदार कंपनीचं नाव आहे, तिचं नाही. तिला सगळे 'मावशी' म्हणतात, प्रेमाने म्हणतात, पण वॉर्डातल्या किती जणांना तिचं नाव माहीत आहे? बॅजवर नाव असेल तर कंत्राटदार बदलला तरी रुग्णालय म्हणेल की ही बाई आम्हाला हवी. नाव नसलेल्या माणसाला काढणं फार सोपं असतं.

आणि रेसिडेंट, निर्णय तुमचे, मान्य. पण त्या 15 दिवसांत बाई रोज वेळेवर मशीनपर्यंत पोचते ती कुणामुळे, हेही सांगा.

बालाघाट

तुम्ही सगळे रुग्णालयाच्या गेटच्या आतलं बोलताय. आमच्याकडची निम्मी गोष्ट गेटपर्यंत पोचतच नाही. गाठ लागल्यावर बाई आधी गावातल्या डॉक्टरकडे, मग तालुक्याला, मग नवऱ्याला वेळ झाला की जिल्ह्याला. परळला पोचेपर्यंत रोग पुढे गेलेला. तिथे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा नाना पालकर स्मृती समितीत जागा मिळाली तर नशीब, नाहीतर फूटपाथ. निर्णयापासून उपचारापर्यंतचे दिवस मोजणारा तक्ता या बाईचे आधी गेलेले महिने मोजणारच नाही. मला तो तक्ता म्हणूनच अपुरा वाटतो.

आमच्या भागातलंच उदाहरण देतो. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या मदतीने गावोगावच्या 1,31,000 हून अधिक बायकांवर एक मोठा अभ्यास झाला. एकदाच एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. 2009 मध्ये ते जगापुढे आलं. मुंबईच्या वस्त्यांत तर दहावी शिकलेल्या बायकांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन साध्या व्हिनेगरने तपासणी करायला शिकवलं. दीड लाख बायकांचा अभ्यास, आणि मृत्यू 31 टक्क्यांनी कमी. 2013 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या सर्वात मोठ्या परिषदेत डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी ते मांडलं. ते काम करणाऱ्या दहावी पास बायकांपैकी एकीचं तरी नाव आपल्याला माहीत आहे का? सत्कारच करायचा असेल तर तिथून सुरुवात करा. पुरस्काराचे पैसे आशाताईंना तपासणी शिकवण्यावर घाला.

कृष्णाकाठ

बालाघाट, पहिल्या लक्षणापासूनची तारीख केस पेपरवर लिहिलेलीच असते. तक्ता तिथून सुरू करता येईल, आणि तालुकानिहाय काढला तर कोणत्या भागातून बायका उशिरा येतात तेही दिसेल. ही सूचना मी घेते. सिस्टर, प्रशिक्षण, रक्ततपासणी, ईएसआय आणि पीएफ या गोष्टी सन्मानाच्या आधी येतात हेही पत्रात लिहिते, आणि बॅजवरच्या नावाची मागणी सगळ्यांत वर घालते, कारण ती उद्या सकाळी पूर्ण करता येते आणि तिला काही खर्च नाही. रेसिडेंट, विभागांची आपसात तुलना नको, प्रत्येकाची त्याच्याच मागच्या तिमाहीशी करू. मशीन बंद पडल्याचे दिवस वेगळे दाखवू. मात्र सन्मानाची मागणी मी सोडत नाही. रुग्णालय कशाला मान देतं, त्यावरून नवी माणसं काय करायचं ते ठरवतात. आज तिथे मान आहे तो अवघड ऑपरेशनला. आजीला योग्य खिडकीवर पोचवण्यालाही तो मिळायला हवा.

विश्वस्तांना पत्र येत्या सोमवारी देणार आहे. सही कोण करतंय?

हिशेबनीस

बॅज, प्रशिक्षण, ईएसआय, पीएफ, या सगळ्यांवर माझी सही. तक्त्यावर नाही, जोपर्यंत त्यात दोन गोष्टी येत नाहीत. एक, आकडे स्टेजनुसार वेगळे दाखवा, म्हणजे चौथ्या स्टेजचा माणूस घेतला म्हणून कुणी खाली जाणार नाही. दोन, दाखल न करता परत पाठवलेल्या प्रत्येक पेशंटची नोंद आणि कारण त्याच तक्त्यात हवं. हे दोन्ही नसेल तर मी विश्वस्तांना उलट पत्र लिहीन.

कृष्णाकाठ

दोन्ही घातले. तारखेबद्दलचं आपलं भांडण शिल्लक आहे, ते विश्वस्तांसमोरच करू. सोमवारी अकरा वाजता या.

निवृत्त सिस्टर

जाड हातमोजे पत्रात स्वतंत्र कलम म्हणून लिहा, 'इतर साहित्य' मध्ये नको. तिथे गेलं की खरेदी होत नाही. मग माझीही सही घ्या.