रात्री टेबलाचा नाशिक ढोल होतो, मेकॅनिकल कीबोर्ड शांत कसा करू?

सिडकोची निशाचर:

नमस्कार मंडळी. मी कारखान्यांच्या सुरक्षा-पुस्तिका मराठीत करते. नाशिकच्या सिडकोत वन बीएचके आहे, त्यामुळे मुलगा झोपला की साडेदहानंतर माझं ऑफिस उघडतं. दिवाळीत भाच्याने त्याचा जुना मेकॅनिकल कीबोर्ड दिला. ८७ बटणांचा, प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच, तेही टिकटिक करणारे निळे. हाताला इतका छान लागतो की साधा कीबोर्ड आता नकोसा झालाय. पण आवाज! पहिल्याच सकाळी सासूबाईंनी विचारलं, "रात्रभर सुपारी कोण कातरत होतं गं?" त्यांनी चालवून घेतलं, पण परवा खालच्या मजल्यावरचे काका वर आले. त्यांना टकटक ऐकू येत नाही म्हणे, छतात काहीतरी घुमल्यासारखं वाटतं.

सगळ्यात वाईट डावं शिफ्ट. ते नुसतं वाजत नाही, पत्र्याच्या डब्यात खिळा हलवल्यासारखं खडखडतं. आणि माझे शब्द बघा: धोका, खबरदारी, भट्टी, झडप, स्फोट. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत प्रत्येकाला शिफ्ट लागतंच. त्यावर शहाणपणा करून शिवणाच्या मशीनचं तेल दोन थेंब सोडलं. दोन दिवस गप्प, तिसऱ्या दिवशी पुन्हा खडखड, वर शेजारचं बटण चिकट.

कीबोर्ड विकायचा नाहीये. बजेट दोन हजारांपर्यंत. काय करू?

अंबडचा टूलरूमवाला:

ताई, काही विकत घ्यायच्या आधी आज रात्री एक करा. गोधडीची चौपदरी घडी टेबलावर ठेवा, तिच्यावर कीबोर्ड, आणि पाच मिनिटं नेहमीसारखं टाइप करा. घुमणं गेलं तर दोष टेबलाचा. आमच्याकडे नवीन मशीन आलं की आधी पाया बघतात, खाली रबरी माउंट देतात, मग मशीनला नावं ठेवतात. तुमच्या टेबलाला खण आहे का? प्लायचं टेबल आणि खाली रिकामा खण म्हणजे तबल्याची पुडी आणि खोड दोन्ही झालं. बोटाचा दणका कीबोर्डच्या पायांतून फळीत, फळीतून टेबलाच्या पायांत, तिथून लादीत. काकांना तोच ऐकू येतोय. टकटक हवेतून जाते, ती भिंतीला अडते. स्लॅबमधून खाली जातो तो हादरा.

दुसरं, निळ्या स्विचची टिकटिक हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली आहे. आतल्या दांड्यावर एक सैल प्लास्टिकचं कडं असतं, ते ठरावीक जागी झटकन खाली आपटतं. ग्रीस लावून ते गप्प करायला जाल तर आवाज फार जाणार नाही आणि हाताची मजा मात्र जाईल. टिकटिक घालवायची तर स्विचच बदलायचे. त्यासाठी एक बटण उपटून बघा, खालचा स्विच चिमट्याने सरळ वर निघतो का. निघाला तर कीबोर्ड हॉट-स्वॅप आहे, नशीब चांगलं. नाही निघाला तर जोर लावू नका, तो सोल्डर केलेला आहे आणि ८७ स्विचचे १७४ टाके सोडवायचं काम रात्री बाराला करण्यासारखं नाही.

गंगापूररोडकर:

ओ-रिंग घाला ना सरळ. रबरी रिंगा, बटणाच्या आतल्या दांडीत बसवायच्या, शे-दोनशे रुपयांत काम तमाम.

अंबडचा टूलरूमवाला:

रिंगेने फक्त बटण तळाला आपटल्याचा आवाज कमी होतो. कडं त्याच्या आधीच वाजून मोकळं होतं. शिवाय बटण वर येताना वरच्या टोपणावर आपटतं, त्याचं काय? मी घातल्या होत्या, आठ दिवसांत काढल्या. ओल्या भातावर टाइप केल्यासारखं वाटतं.

जुना टंकलेखनवाला:

मुली, माझी नाशिकरोडला टंकलेखनाची संस्था होती. एका हॉलमध्ये पंधरा-सोळा मशीनं, आणि वरच्या मजल्यावर घरमालक. आवाजाचं मला सांगायला नको.

प्रत्येक मशीनखाली आम्ही जाड फेल्टचा तुकडा घालायचो. नुसत्या लाकडावर मशीन ठेवलं की टेबल बोलायचं, फेल्टवर ठेवलं की फक्त मशीन बोलायचं. रुळावर कागद चढवताना मागे एक कोरा कागद जास्तीचा लावायचो, त्याने टाइपाचा ठोका मऊ पडायचा आणि रूळही टिकायचा. तुझ्या कीबोर्डला रूळ नाही, पण फेल्ट चालेल. चार-पाच मिलिमीटरचा घे, कीबोर्डपेक्षा चारी बाजूंनी मोठा.

आता शिफ्टचं. तुझं डावंच जास्त का खडखडतं, लक्षात आलं का? इनस्क्रिप्टमध्ये व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. ख, घ, झ, थ, ध, फ, भ सगळी उजवीकडे, म्हणून शिफ्ट डाव्या करंगळीने. अ, आ, इ, ई डावीकडे, त्यांना उजवं शिफ्ट, पण शब्दाच्या सुरुवातीला सोडले तर ते येतात किती? म्हणजे डावं दुप्पट राबतं.

आणि एक विचारतो, रागावू नकोस. तू यंत्रावर शिकलीस का? यंत्रावर शिकलेल्यांचा हात जड असतो. तिथे ठोका पडल्याशिवाय अक्षर उठत नाही.

सिडकोची निशाचर:

काका, मराठी ३० (मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा) यंत्रावरच केलं! कसं ओळखलंत?

अंबडचा टूलरूमवाला:

काकांनी बरोबर नस पकडली. चेरी कंपनीचा निळा स्विच पूर्ण दाबला तर ४ मिमी खाली जातो, पण अक्षर २.२ मिमीलाच उमटतं. पुढचं सगळं दाबणं टेबलाला जातं.

शिफ्टखाली स्टॅबिलायझर असतो. शिफ्ट, एंटर, बॅकस्पेस, स्पेस अशा लांब बटणांना तो लागतो, नाहीतर कोपऱ्यावर दाबलं की बटण तिरकं अडकतं. दोन प्लास्टिकचे खुंट आणि त्यांना जोडणारी एक वाकवलेली तार. तारेची टोकं खुंटात सैल असतात, तीच खडखडतात. पातळ तेल तिथे थांबत नाही, ओघळतं, ते तुम्ही बघितलंच. तिथे घट्ट डायइलेक्ट्रिक ग्रीस हवं, गाडीच्या इलेक्ट्रिकच्या कामात वापरतात ते. आधी जुनं तेल पुसा, तार काढता आली तर काढा, काचेवर ठेवून सपाट आहे का बघा. एक टोक उचललेलं असेल तर ग्रीस कितीही भरा, एका बाजूने वाजणारच. मग टोकांना टाचणीने ग्रीस. स्विचच्या आत मात्र हे घट्ट ग्रीस नको, बटण चिखलात रुतल्यासारखं होतं.

कीबोर्ड उघडलाच तर तळाच्या पोकळीत पातळ फोम घाला. गाडीच्या दरवाजाला लावतात ती चंदेरी डॅम्पिंग शीट सर्किटखाली घालू नका, वरचा थर धातूचा असतो, शॉर्ट होईल. आतल्या सर्किट बोर्डाच्या पाठीला मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावायची फॅशन आहे. त्याने आवाज जाड होतो, कमी फारसा होत नाही.

सिडकोची निशाचर:

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा, एक पुस्तिका गळ्याशी आली होती.

गोधडीची परीक्षा केली आणि थक्क झाले. घुमणं जवळजवळ गायब. खणात रिकाम्या फायली होत्या, तिथे जुन्या साड्या कोंबल्या. कीबोर्डखाली फेल्ट घातला. शिंगाडा तलावाजवळ गाड्यांच्या सजावटीच्या दुकानात मिळाला, दुकानदार विचारत होता कोणत्या गाडीला. काका पुन्हा वर आलेले नाहीत.

स्विच निघाला! म्हणून ८७ सायलेंट लिनियर, म्हणजे टिकटिक न करता सरळ खाली जाणारे स्विच मागवले. यांच्या दांड्याला वर-खाली दोन्हीकडे रबराची उशी असते, त्यामुळे जातानाही आणि येतानाही आपटत नाही. बसवायला दोन रात्री गेल्या. दोन स्विचच्या पिना घाईत वाकवल्या, सुईने सरळ केल्या. घाई करू नका, स्विच अगदी उभा धरून दाबा. बजेटच्या वर साडेतीनशे गेले.

डाव्या शिफ्टच्या तारेचं एक टोक खरंच उचललेलं होतं. हलकेच दाबून बसवलं, ग्रीस लावलं, आता "भट्टी" लिहिताना फक्त मऊ ठप्प येतो. एंटर अजून थोडं किरकिरतं, पण पुन्हा उघडायची हिंमत नाही.

खरं सांगू, निळ्यांची मजा यात नाही. पहिले चार दिवस अक्षर उमटलं की नाही ते स्क्रीनवर बघावं लागायचं. हात अजून जडच आहे काका, त्याला औषध सापडलेलं नाही.

काढलेले ८७ निळे स्विच श्रीखंडाच्या डब्यात पडून आहेत, त्यातल्या डाव्या शिफ्टच्या स्विचवर तेल गेलंय. नाशिकमध्ये कुणाला हवे असतील तर सांगा, फुकट. डबा मात्र परत हवा.