हवामान बदलाच्या छायाचित्रांचे संगणकीय वर्गीकरण : गटांची नावे कशी ठरवावीत?

प्रश्न
पीएच.डी.साठी मी हवामान बदलावरील बातम्यांसोबत आलेली काही हजार छायाचित्रे जमवली आहेत. इमेजनेट या वर्गवार नावे दिलेल्या चित्रांच्या मोठ्या संचावर प्रशिक्षित रेसनेट या चित्र ओळखणाऱ्या मॉडेलमधून त्यांचे वेक्टर (चित्राचे आकड्यांतील वर्णन) काढून के-मीन्स पद्धतीने, म्हणजे जवळचे वेक्टर एकत्र करून, गट पाडले. ध्रुवीय अस्वलांचा गट स्वच्छ वेगळा पडतो. पूर आणि दुष्काळ मात्र नद्या, रस्ते, गर्दी अशा गटांत विखुरतात. गटांची संख्या कशी ठरवावी, आणि त्यांना दिलेली नावे हे केवळ माझे मत नाही हे परीक्षकांना कसे पटवावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १
तुम्हाला दिसलेला फरक छायाचित्रांइतकाच मोजपट्टीचाही आहे. इमेजनेटच्या प्रचलित १००० वर्गांत ध्रुवीय अस्वलाला स्वतंत्र वर्ग आहे, कुत्र्यांच्या जातींना तर शंभराहून अधिक वर्ग आहेत. पूर किंवा दुष्काळ असा वर्गच नाही, कारण तो संच मुख्यतः वस्तू ओळखण्यासाठी रचलेला आहे. तेव्हा अस्वलांबद्दल निष्कर्ष लिहिण्याआधी तीच छायाचित्रे क्लिपच्या वेक्टरवर तपासून पाहा. ओपनएआयने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेले हे मॉडेल ४० कोटी चित्र-मजकूर जोड्यांवर शिकलेले असल्यामुळे त्याला प्रसंगांची जाण अधिक आहे. मात्र 'हवामान बदल' हे शब्द देऊन त्याच्याकडून छायाचित्रे निवडून घेऊ नका, कारण वेबवर या शब्दांशी ज्या चित्रांची सांगड आधीच रूढ झाली आहे तीच ते पुढे करील आणि जे तपासायचे तेच गृहीत धरले जाईल.

गटसंख्येसाठी एकच आदर्श आकडा शोधू नये. गटांच्या केंद्रांचे सुरुवातीचे बिंदू बदलून पुन्हा पुन्हा गट पाडावेत आणि जे टिकतात त्यांवरच भर द्यावा.

उत्तर २
नावांचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. २०१९ च्या युरोपातील उष्णतेच्या लाटेच्या वार्तांकनावर सॅफ्रन ओनील आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात असे दिसले की मजकूर धोक्याचा इशारा देत असताना सोबतची अनेक छायाचित्रे पाण्यात खेळणाऱ्या, आनंदी माणसांची होती. अशा छायाचित्राला यंत्र 'समुद्रकिनारा' म्हणेल आणि ते चूकही नसेल; पण संशोधनाचा खरा विषय त्या हसऱ्या चेहऱ्यांत आणि वरच्या मथळ्यात पडलेले अंतर हा आहे, आणि निव्वळ चित्राच्या वेक्टरमध्ये ते अंतर नसतेच.

म्हणून प्रत्येक गटातून यादृच्छिक नमुना घ्यावा, केवळ केंद्राजवळची सुबक छायाचित्रे नव्हेत. परस्परांशी चर्चा न करता किमान दोघांनी त्याचे कोडिंग करावे, म्हणजे ठरलेल्या व्याख्यांनुसार प्रत्येक छायाचित्राला वर्ग द्यावा, आणि क्रिपेनडॉर्फ अल्फा (कोडिंग करणाऱ्यांमधील एकमताचे माप) नोंदवावा. ०.८० च्या वर असल्यास नावे विश्वासार्ह मानता येतात, ०.६६७ च्या खाली गेल्यास कोडिंगच्या व्याख्या नव्याने लिहिणेच योग्य.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद
दोघांचे मनःपूर्वक आभार. कोडरना छायाचित्र मथळ्यासह दाखवावे की मथळ्याविना?

उत्तर २
आधी मथळ्याविना आणि नंतर मथळ्यासह दाखवावे, व दोन्ही उत्तरे स्वतंत्र स्तंभांत ठेवावीत. मथळा वाचल्यावर ज्या छायाचित्रांचे कोडिंग बदलते, त्यांच्यासाठी प्रबंधात वेगळे प्रकरण करण्याजोगे आहे.

उत्तर ३
वृत्तसंस्थेचे एकच छायाचित्र अनेक वृत्तपत्रांत वेगवेगळ्या कातरणीने येते आणि त्याचाच एक कृत्रिम गट तयार होतो. पर्सेप्च्युअल हॅशने (चित्र कसे दिसते त्यावरून काढलेल्या छोट्या संकेताने) जवळपास सारख्या प्रती शोधून गट पाडण्यापूर्वी त्या वगळाव्यात; पण प्रत्येक छायाचित्र किती ठिकाणी वापरले गेले याची नोंद अवश्य जपावी.