कूपरचा हुक आणि स्टॉपवॉच: बॉक्सिंगच्या पुस्तकाचं परीक्षण करायचं कसं?

लेस्टरकर
इथल्या एका चॅरिटी शॉपमधून ब्रिटिश बॉक्सिंगवरची पाच जुनी पुस्तकं तीन पौंडांत उचलली. दोन आत्मचरित्रं (म्हणजे बॉक्सरने सांगायचं आणि पत्रकाराने लिहायचं, तसली), बाकी इतिहास. वाचून झाल्यावर त्यांची परीक्षणं शोधली आणि डोकं फिरलं. जिथे तिथे एकच पालुपद: भाषा काय जबरदस्त, ठोसा जणू आपल्यालाच बसतो! पण पुस्तकात लिहिलंय ते खरंच तसं घडलं का, हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही.

उदाहरण देतो. १८ जून १९६३, वेम्बली. हेन्री कूपर विरुद्ध कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मुहम्मद अली. चौथी फेरी संपता संपता कूपरचा डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) बसला आणि क्ले दोरांवर आपटून खाली आला. उठतोय तोवर घंटा झाली. कोपऱ्यात त्याचा ट्रेनर अँजेलो डंडी याने ग्लोव्ह फाटल्याचं दाखवून वेळ काढला आणि पाचव्या फेरीत कूपरची भुवई इतकी फुटली की रेफरीने लढत थांबवली.

आता काढलेला वेळ किती? एका पुस्तकात दोन मिनिटं, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात मोघम 'कित्येक मिनिटं'. लढतीची फिल्म आहे. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसलो. घंटा ते घंटा एक मिनिट (तेवढी विश्रांती दोन फेऱ्यांमध्ये असतेच) आणि वर पाच-सहा सेकंद. संपलं.

माझं मत: लढत फिल्मवर असताना ती न बघता परीक्षण लिहिणं हा शुद्ध आळस आहे. आणि ही थाप जशीच्या तशी छापणाऱ्या पुस्तकाचा एक तारा कापायचा.

जुनी_पानं
अजिबात सहमत नाही. विल्यम हॅझलिटचा 'द फाइट' हा निबंध वाचलाय का? डिसेंबर १८२१ मध्ये हंगरफर्डला बिल नीट आणि 'गॅसमन' टॉम हिकमन यांची लढत झाली, तिच्यावरचा. त्यात लढत येता येत नाही. आधी मेल कोच (टपालाची घोडागाडी) चुकते, मग न्यूबरीच्या सराईत झोपायला जागा नाही म्हणून रात्र गप्पांत जाते. ठोसे येतात ते पार शेवटी. दोनशे वर्षं लोक तो वाचताहेत ते कोण कितव्या मिनिटाला पडला हे बघायला नव्हे. तुमचं स्टॉपवॉच लावलं तर हॅझलिटला किती तारे?

शिवाय ते मिनिट पुस्तकागणिक फुगत का गेलं, हाच खरा विषय नाही का? कूपर इंग्लंडचा लाडका. तो हरलेला लोकांना पचत नव्हता, म्हणून डंडी लबाड ठरला. परीक्षकाने हे लिहावं. तारे कापणं हे तलाठ्याचं काम.

लेस्टरकर
हॅझलिट निबंध लिहीत होता. माझ्याकडच्या पुस्तकाच्या पाठीवर 'सत्यकथा' छापलंय. सत्य म्हणून विकलं की मोजून घेणारच. (तलाठ्यांबद्दल जपून बोला, आमचे वडील त्याच खात्यात होते.)

डावखुरा_पुणे
कॉलेजात तीन वर्षं बॉक्सिंग केलं, नाव काढावं असं काही नाही. तरी दोघांना विचारतो, भुवई कधी फुटलीय का? आधी दुखतच नाही. कोमट काहीतरी डोळ्यात उतरतं, पापणी चिकटते आणि समोरचा त्या बाजूने येतोय हे ठोसा बसल्यावरच कळतं. कूपरची कातडी त्या जागी नाजूक होती. १९६६ मध्ये हायबरीला अलीशी पुन्हा लढला, तेव्हाही जखमेवरच संपलं.

आणि लेस्टरकर, सेकंद मोजलेत पण कुपी राहिली. डंडीने क्लेच्या नाकाखाली स्मेलिंग सॉल्ट (शुद्धीवर आणायला हुंगवतात ते उग्र क्षार) धरलं होतं. ब्रिटिश नियमांत पाण्याखेरीज काही चालत नव्हतं. तुमच्या सहा सेकंदांपेक्षा तो हुंगा महागात पडला असेल. ग्लोव्हवर पानंच्या पानं लिहायची आणि याला एक ओळ द्यायची, ही खरी चूक.

लेस्टरकर
हे बिनतोड. कुपीसाठी फिल्म पुन्हा बघावी लागणार. म्हणजे मुद्दा माझाच झाला!

जुनी_पानं
तुमचा कसा? नुसती फिल्म बघून चुकलात ना!

वाचनवेडी
तुम्ही त्या एका मिनिटाला धरून बसलात. मला पुस्तकात जे नसतं त्याचा राग येतो. १९११ ते १९४८ ब्रिटिश किताबासाठी लढायला आई-वडील दोघेही गोरे लागत. हे लपूनछपून नव्हतं, नियमच होता. १९११ मध्ये कृष्णवर्णीय जगज्जेता जॅक जॉन्सन आणि गोरा इंग्रज बॉम्बार्डियर बिली वेल्स यांची लढत तेव्हाचे गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी होऊ दिली नाही. नियम गेल्यावर, जून १९४८ मध्ये व्हिला पार्कवर डिक टर्पिन पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश विजेता झाला.

पुस्तकं मात्र भरतात त्याच्या धाकट्या भावावर. रँडॉल्फने १० जुलै १९५१ ला शुगर रे रॉबिन्सनला हरवलं, ६४ दिवसांत किताब गमावला, १९६६ मध्ये आत्महत्या केली. शोकांतिका तयार मिळते ना! डिक एका परिच्छेदात आटोपतो. लॉन्सडेल बेल्टची (ब्रिटिश विजेत्याला मिळणारा पट्टा) 'वैभवशाली परंपरा' सांगणाऱ्या पुस्तकात हा नियम नसेल तर परीक्षणाची सुरुवात तिथूनच हवी. पण ते कुठल्याही फिल्ममध्ये दिसणार नाही आणि भाषेच्या कौतुकातही नाही.

जुनी_पानं
+१. भाषेच्या बाजूने भांडत होतो, पण हे मान्य.

अवांतर: डॅनियल मेंडोझा हा लंडनचा ज्यू बॉक्सर. १७९५ मध्ये जॉन जॅक्सनने त्याचे लांब केस एका हातात धरून दुसऱ्या हाताने त्याला बुकललं. बॉक्सर जॅक ब्रॉटनने केलेल्या १७४३ च्या नियमांत कमरेखाली धरायला बंदी, केसांबद्दल अक्षर नाही. मेंडोझाने पुढे आत्मचरित्र लिहिलं, ते १८१६ मध्ये आलं. तिथे फिल्म कुठून आणणार? समोर फक्त मेंडोझाचा शब्द.

कोर्टाची_पायरी
मी बॉक्सिंग बघत नाही, बघवत नाही. पण ब्रिटिश बॉक्सिंगवर मी वाचलेलं सर्वांत थरारक लिखाण म्हणजे एक निकालपत्र. सप्टेंबर १९९१, टॉटनहॅमचं मैदान, ख्रिस युबँक विरुद्ध मायकेल वॉटसन. अकराव्या फेरीत वॉटसनने युबँकला खाली बसवलं, लगेच उलटा अपरकट (खालून वर येणारा ठोसा) खाल्ला आणि बाराव्यात लढत थांबली. मेंदूत रक्तस्राव. पहिलं हॉस्पिटल गाठेपर्यंत जवळपास अर्धा तास गेला, तिथे न्यूरोसर्जरी नव्हती, मग दुसरीकडे हलवलं. श्वास सांभाळायची सोय रिंगपाशीच हवी होती, म्हणून अपील कोर्टाने डिसेंबर २००० मध्ये ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डाला जबाबदार धरलं. एक विशेषण नाही, तरी मी पाणी प्यायला उठले.

लेस्टरकर
रात्री तो निकाल वाचला. तिथेही सगळं मिनिटांवरच चाललंय. तारे दिले नाहीत. उद्या त्या पाचांतली दोन पुस्तकं दुकानात परत देतोय, कूपरचं मात्र ठेवतोय. 'दोन मिनिटं'च्या समासात पेन्सिलीने लिहिलंय: ६६ सेकंद, आणि कुपी.

डावखुरा_पुणे
पेनाने लिहा.